रोज एक पट्टी, पन्नास वर्षं: चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’मागचं रोजचं काम

शाईदौत

‘पीनट्स’ ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) काढणारा अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ, याच्यावर मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. चार्ली ब्राऊन या मुलाचं सतत हरणं, त्याच्या स्नूपी या कुत्र्याची लोकप्रियता, मुलांच्या तोंडी मोठ्यांची दुःखं, हे सगळं त्यात येतं. पण हा माणूस टेबलाशी बसून नेमकं काय करायचा, कुठल्या निबने, किती आठवडे आधी आणि कुठे अडायचा, हे फारसं येत नाही. वर्तमानपत्रातली रोजची स्ट्रिप ही कला आहे तसाच तो रोजचा रतीबही आहे. या धाग्यात रतीबाची बाजू बघू. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

सुरुवात मी करते, १९५० पर्यंतची.

जन्म २६ नोव्हेंबर १९२२, मिनियापोलिस. वडील न्हावी, दुकान शेजारच्या सेंट पॉलमध्ये. चित्रकलेचं शिक्षण टपालाने झालं. १९४० मध्ये त्याने एका पत्रद्वारा अभ्यासक्रमात नाव घातलं. फी सुमारे १७० डॉलर, ती वडिलांनी हप्त्याहप्त्याने भरली. त्यातल्या ‘मुलांची चित्रं’ या भागात त्याला सी प्लस मिळालं होतं. १९४३ मध्ये सैन्यात भरती झाली आणि त्याच दिवसांत आई कर्करोगाने गेली.

युद्धावरून परतल्यावर त्याने दोन कामं धरली, आणि माझ्या मते पुढचं सगळं या दोन कामांवर उभं आहे. एक म्हणजे त्याच पत्रद्वारा शाळेत, आर्ट इन्स्ट्रक्शनमध्ये, विद्यार्थ्यांची चित्रं तपासून दुरुस्त करायची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रातलं काय बिघडलंय ते शोधायचं आणि दोन ओळींत समजावून सांगायचं. दुसरं काम ‘टाइमलेस टॉपिक्स’ नावाच्या कॅथलिक कॉमिकसाठी नुसतं अक्षरलेखन. दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांच्या फुग्यांत तो इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश मजकूर हाताने भरायचा. भाषा येत नसली तरी अक्षर नेटकं आणि वेळेत हवं. शुल्झच्या फुग्यातली अक्षरं इतकी सरळ आणि एकसारखी का, त्याचं उत्तर तिथे आहे.

१९४७ च्या जूनपासून सेंट पॉलच्या ‘पायोनियर प्रेस’मध्ये त्याची ‘लिल फोक्स’ ही साप्ताहिक चित्रं यायला लागली. बायकांच्या पानावर, आठवड्याला १० डॉलर. १९४८ ते १९५० या काळात ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने त्याची १७ सुटी चित्रं घेतली. मग त्याने ‘पायोनियर प्रेस’कडे पैसे वाढवून मागितले, चांगली जागा मागितली, रोज छापायला सांगितलं. तिन्ही गोष्टींना नकार आला आणि जानेवारी १९५० मध्ये त्याने ते काम सोडलं.

त्याच वर्षी तो चित्रांचं पुडकं घेऊन न्यूयॉर्कला युनायटेड फीचर सिंडिकेटच्या (वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेच्या) कचेरीत गेला. फार लवकर पोचला होता, म्हणून पुडकं ठेवून न्याहारी करून आला, तोवर त्यांनी ते उघडून पाहिलेलं होतं. एका चौकटीचं सुटं चित्र त्यांना नको होतं, पट्टी हवी होती. नाव मात्र बदललं. ‘लिल फोक्स’शी मिळतीजुळती नावं आधीच बाजारात असल्याने सिंडिकेटने परस्पर ‘पीनट्स’ ठरवलं. ते नाव शुल्झला शेवटपर्यंत आवडलं नाही. २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत पहिली पट्टी छापून आली.

---

चौथी चौकट

उत्तम सुरुवात. पुढचा धागा मी उचलतो, कारण माझ्या मते ‘पीनट्स’चं सगळं व्याकरण एका विक्रीच्या अटीतून आलं आहे.

युद्धकाळापासून वर्तमानपत्रांना कागदाची टंचाई होती, पानं कमी झाली होती. सिंडिकेटने ही स्ट्रिप ‘जागा वाचवणारी’ म्हणून विकली. तिच्यात सारख्या मापाच्या चार चौकटी. संपादकाला हवं तर आडवी एका रांगेत लावा, एकाखाली एक अशी उभ्या स्तंभात लावा, किंवा दोनावर दोन रचून चौकोन करा. पान लावणाऱ्याची सोय झाली. पण चित्रकाराच्या हातातून काय काय गेलं बघा.

दोन चौकटी जोडून लांबलचक दृश्य काढता येत नाही. एका चौकटीतून दुसरीत जाणारं कुंपण, रस्ता किंवा पावसाची सर काढता येत नाही, कारण चौकोनी मांडणीत दुसरी आणि तिसरी चौकट शेजारी राहतच नाहीत. महत्त्वाच्या क्षणाला मोठी चौकट देता येत नाही. छापील माप इतकं लहान की मागे घर, झाडं, माणसं भरली तर शाईचा गोळा होतो.

मग उरलं काय? दोन मुलं, जमिनीची एक रेघ, कधी कडेचा कठडा आणि संवाद. मुलांची उंची कमी, डोकी मोठी, म्हणून चौकटीचा वरचा अर्धा भाग फुग्यांसाठी आपोआप मोकळा राहतो. नजर कायम मुलांच्या उंचीवर. मोठं माणूस त्या चौकटीत उभं केलं तर कमरेपाशी कापलं जाणार. १९५४ च्या मे महिन्यात रविवारच्या काही पट्ट्यांत, दादागिरी करणारी ल्यूसी गोल्फ स्पर्धा खेळते त्या कथेत, शुल्झने मोठी माणसं काढून बघितली. ती त्या जगात परकी दिसतात. पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही.

चार सारख्या चौकटींनी लयही ठरवून दिली. पहिलीत विषय, दुसरीत तो वाढतो, तिसरीत अनेकदा कुणीच बोलत नाही, चौथीत वाक्य. ती न बोलणारी तिसरी चौकट ही शुल्झची खरी कमाई. पट्टीत जागेची इतकी मारामार असताना पाव भाग रिकामा ठेवायचा म्हणजे धाडस लागतं.

अट सुटली ती २९ फेब्रुवारी १९८८ ला. त्या दिवसापासून कधी तीन चौकटी, कधी दोन, कधी अखंड एक. ज्यांच्याकडे संग्रह असेल त्यांनी त्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा महिना शेजारी ठेवून बघावा. नंतरच्या पट्ट्या मोकळ्या श्वासाच्या आहेत, पण विनोदाचा ठोका मऊ पडलेला जाणवतो. पिंजरा होता तोवर ताल कडक होता, असं माझं ठाम मत आहे.

---

बोरू

चौकटींचं म्हणणं पटलं. पण नंतरचा ठोका मऊ पडण्यामागे हातही होता. १९८१ मध्ये हृदयाची बायपास झाली, आणि पुढे हाताला कंप सुटला. रेघ थरथरलेली दिसते. कधी एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून तो काढायचा. नव्वदीतल्या पट्टीत चार्ली ब्राऊनच्या डोक्याचा गोल नीट पाहिला तर एकाच झोकात आलेला दिसत नाही, बारीक बारीक हेलकावे आहेत. मदतनीस ठेवला असता तर लपलं असतं. त्याने पेन्सिल, शाई, अक्षरं, सगळं शेवटपर्यंत स्वतःच केलं.

आता साधनं, कारण धागा त्यासाठीच आहे.

चित्रासाठी एस्टरब्रुक ९१४ रेडिओ निब, टाकात बसवून. ते बनणं थांबतंय म्हटल्यावर त्याने उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला. ही हौस नव्हती. निबची लवचीकता बदलली की दाब किती द्यायचा ते हाताला पुन्हा शिकावं लागतं, आणि रोज छापून येणाऱ्या पात्राचं नाक महिनाभर वेगळं दिसलं तर वाचकाला लगेच कळतं.

अक्षरांसाठी स्पीडबॉल सी-५. या कंपनीच्या निबांत बी मालिका गोल टोकाची, सी मालिका चपट्या टोकाची. चपट्या टोकामुळे उभी आणि आडवी रेघ किंचित वेगवेगळ्या जाडीची येते, म्हणून ती अक्षरं यंत्रासारखी निर्जीव वाटत नाहीत.

क्रम साधारण असा. कल्पना पिवळ्या कागदाच्या पॅडवर खरडून. मग जाड बोर्डावर चौकटी आखायच्या, अक्षरांच्या ओळींसाठी फिक्या रेघा मारायच्या. मजकूर आधी, कारण फुगा किती जागा खाणार हे ठरल्याशिवाय डोकं कुठे येणार ते ठरत नाही. आधी बोलणारा डावीकडे उभा राहिला पाहिजे, नाहीतर वाचणारा उत्तर आधी वाचतो आणि प्रश्न नंतर. पेन्सिल तो अगदी जुजबी ठेवायचा, चेहऱ्याची जागा आणि शरीराचा कल एवढीच, बाकी थेट शाईत. पेन्सिल पूर्ण केली की शाई नुसती गिरवल्यासारखी होते, रेघेतला जीव जातो.

नव्याने टाक धरणाऱ्यांचं काय बिघडतं, तेही लिहून ठेवतो. नव्या निबवर तेलकट थर असतो, त्यावर शाई थेंब धरते, पसरत नाही. आधी स्पिरिटने पुसून घ्या. इंडिया इंक (टाकाची काळी शाई) निबच्या चिरेत वाळते आणि रेघ मध्येच तुटते, म्हणून दर काही मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसायचं. जास्त दाबलं की दोन्ही टोकं कायमची फाकतात आणि एका रेघेच्या दोन होतात. ते निब दुरुस्त होत नाही, टाकून द्यायचं. वर ढकलताना टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात, म्हणून रेघ नेहमी आपल्याकडे ओढायची, हवा तर कागद फिरवायचा.

आणि एक जागा जवळून बघाच: श्रोडर हा मुलगा पियानो वाजवतो तेव्हा वर तरंगणारे सूर. ते खरे आहेत. शुल्झ बेथोव्हेनच्या छापील स्वरलिपीतून ते टाकाने जसेच्या तसे उतरवायचा. पाच ओळी, त्यावरचे ठिपके, शेपट्या, सगळं पट्टीच्या मापात. संगीत येणाऱ्याला ती कुठली सोनाटा आहे ते वाचता येतं. कुणी तपासणार नाही अशा जागी इतकी मेहनत करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

---

उत्तररात्र

वाचतेय, फार छान चाललंय. एक शंका. रोजची पट्टी म्हणजे आज काढली, उद्या छापली असं नसणार. किती दिवस आधी द्यावी लागायची? आणि आजारी पडलं तर?

---

खिळेजुळारी

@उत्तररात्र, रोजच्या पट्ट्या साधारण सहा आठवडे आधी आणि रविवारच्या दहा आठवडे किंवा त्याहूनही आधी, असा हिशोब असतो. रोजची काळी-पांढरी. सिंडिकेटकडे पोचली की संपादन, मग आठवड्याच्या सहा पट्ट्या एकत्र करून सगळ्या वर्तमानपत्रांना रवाना. रविवारची रंगीत. ती पुरवणी बहुतेक ठिकाणी मुख्य अंकापासून वेगळी, बरीच आधी छापली जाते. रंग मूळ चित्रावर भरत नसत. चित्रकार प्रतीवर रंगांचे नंबर लिहून द्यायचा, त्यावरून रंगाच्या प्लेटा तयार व्हायच्या. नंबर लिहायचा राहिला की शर्ट पांढरा छापला जायचा, आणि तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असायची.

रविवारच्या पट्टीची आणखी एक अडचण. वरची रांग, म्हणजे नावाची चौकट आणि तिच्या शेजारची, काही वर्तमानपत्रं जागेसाठी सरळ उडवतात. त्यामुळे वरच्या रांगेत असं काही हवं की असलं तर मजा यावी आणि नसलं तर खालची गोष्ट लंगडी पडू नये. शुल्झ तिथे छोटा, स्वतंत्र विनोद ठेवायचा. मूळ कथेचा धागा तिथे अडकवला तर अर्ध्या वाचकांना काहीच कळणार नाही.

उशीर किती ते एका उदाहरणावरून दिसेल. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली. १५ एप्रिलला हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहून विचारलं, तुमच्या मुलांत एखादं कृष्णवर्णीय मूल का नाही? शुल्झ कचरत होता. आपण उपकार केल्याचा आव आणतोय असं दिसेल, ही त्याची भीती. पत्रं गेली-आली. १ जुलैला त्याने कळवलं की २९ जुलैच्या आठवड्यातल्या पट्ट्या बघा. ३१ जुलैला समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन आला, चार्ली ब्राऊनचा वाहून गेलेला चेंडू परत देणारा. म्हणजे पात्र पक्कं झाल्यावरही वाचकापर्यंत पोचायला कमीत कमी चार आठवडे. म्हणूनच अशा स्ट्रिपमध्ये कालची बातमी येऊ शकत नाही. ऋतू, शाळा, सण, बेसबॉल एवढंच आधी सांगता येतं.

आजारपणाचं उत्तर: साठा. आठवडाभर पडून राहिलात तर सहा आठवड्यांचे पाच होतात, आणि ते भरून काढायला पुढे कितीतरी दिवस रोज एकाऐवजी दीड पट्टी काढावी लागते. सुट्टी ही पगारी नसते, ती उसनी असते. शुल्झने मोठी सुट्टी एकदाच घेतली, पंचाहत्तरीनिमित्त १९९७ च्या शेवटी, पाच आठवडे. तेवढ्या काळात जुन्या पट्ट्या छापल्या गेल्या.

---

हिशेबनीस

एकूण पट्ट्या १७,८९७ हा आकडा सगळीकडे असतो. रोजच्या १५,३९१ आणि रविवारच्या २,५०६. पाच आठवड्यांच्या सुट्टीचा उल्लेख आला म्हणून ताळा करून पाहिला.

पहिली पट्टी सोमवारी, २ ऑक्टोबर १९५० ला. शेवटची रोजची पट्टीही सोमवारी, ३ जानेवारी २००० ला. मध्ये बरोबर २,५७० आठवडे. दर आठवड्याला सहा म्हणजे १५,४२०, अधिक शेवटचा सोमवार, १५,४२१. सुट्टीचे पाच आठवडे, ३० पट्ट्या वजा. राहिल्या १५,३९१.

रविवारची पट्टी ६ जानेवारी १९५२ ला सुरू झाली, शेवटची १३ फेब्रुवारी २००० ला. दोन्ही टोकं धरून २,५११ रविवार. पाच वजा, २,५०६.

एकाचाही फरक पडत नाही. म्हणजे त्या पाच आठवड्यांखेरीज जवळजवळ पन्नास वर्षांत एकही दिवस गाळलेला नाही. आकडा मोठा म्हणून नव्हे, असा काटेकोर जुळतो म्हणून मला भारी वाटतो.

---

मांजरपाय

हिशेबनीस, क्या बात है!

आता पात्रांबद्दल. शुल्झ पात्रं कशी काढून टाकायचा यातून जास्त शिकायला मिळतं.

शार्लट ब्राऊन. नावात चार्ली ब्राऊनशी खेळ. ३० नोव्हेंबर १९५४ ला आली, १ फेब्रुवारी १९५५ ला शेवटची दिसली, एकूण दहा पट्ट्या. तिचा एकच गुण: ती ओरडून बोलते. ओरडणं दाखवायचं म्हणजे मोठी, ठळक अक्षरं. त्या लहानशा चौकटीत मोठी अक्षरं आली की दुसऱ्याला बोलायला जागाच उरत नाही. शिवाय दादागिरीचं काम ल्यूसी साध्या अक्षरांतच जास्त चांगलं करत होती. एका गुणाचं पात्र दहा पट्ट्यांत संपतं, हा धडा.

फॅरन ही मांजर, १९६१. तिला अंगात हाडं नसल्यासारखं उचलून फिरवायचे. शुल्झला मांजर काढणं फारसं जमत नाही असं त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं. त्याहून मोठी अडचण अशी की मांजर शेजारी आली की स्नूपी पुन्हा साधा कुत्रा होतो. तोवर स्नूपी विचार करायला लागला होता (पहिला विचारांचा फुगा २७ मे १९५२ चा), घराच्या छपरावर झोपायला लागला होता (१२ डिसेंबर १९५८). त्याला परत कुत्रा करणं परवडणारं नव्हतं. पुढे शेजारची मांजर आली ती न दिसणारी. तिच्या एका फटक्यात स्नूपीच्या घराचा कोपरा उडालेला दिसतो, बस.

ते घरही पुढे जवळजवळ कायम बाजूनेच काढलेलं असतं. समोरून काढलं तर कुत्रा त्या टोकदार छपरावर पाठ टेकून झोपतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बाजूने फक्त एक आडवी रेघ दिसते आणि डोळा ते मान्य करतो.

अवांतर: चार्ली ब्राऊनचा नागमोडी पट्ट्याचा शर्ट पहिल्या दिवसापासून नव्हता. तो २१ डिसेंबर १९५० ला आला. आधी साधा पांढरा शर्ट. टक्कल वाटावं असं गोल डोकं आणि पांढरा शर्ट यात लहान छपाईत काळा भागच नव्हता, चौकटीत नजर ठरत नसे. एका काळ्या नागमोडी रेघेने तो दुरूनही ओळखू यायला लागला.

---

शाईदौत

सगळ्यांचे आभार. बोरू, एक विचारते. हीच चार चौकटींची पट्टी मराठीत काढायची म्हटली तर अक्षरांचं गणित तेच राहतं का?

---

बोरू

नाही, आणि हे फार कमी लोक बोलतात. इंग्रजी स्ट्रिपमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असतात. वर सपाट, खाली सपाट, त्यामुळे ओळी एकमेकींना अगदी चिकटवता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘मूर्खा’ लिहून त्याच्याच खाली ‘कैरी’ लिहून बघा, वरचा ऊकार आणि खालच्या दोन मात्रा भिडतात. इंग्रजीच्या तीन ओळींच्या उंचीत आपल्या जेमतेम दोन बसतात. म्हणून मराठी पट्टीत वाक्य तोडूनच लिहावं लागतं, किंवा पात्रं आणखी बुटकी करावी लागतात. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ या नजरेने पुन्हा बघा, संवाद किती आखूड ठेवलेत ते कळेल.

निबही बदलतं. सी मालिकेचं चपटं टोक रोमन अक्षरासाठी कापलेलं. देवनागरीला काप उलट्या तिरक्याचा लागतो, आपल्या बोरूसारखा, नाहीतर जाड-बारीक भलत्याच जागी येतं. लहान फुग्यासाठी सरळ बी मालिकेचं गोल टोक घ्यावं, जाडी सगळीकडे सारखी राहते. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर ओढायची, आधी नाही. आधी ओढली की अक्षरं तिला लटकवताना पुढे-मागे होतात आणि शब्द फुग्याबाहेर जातो.

---

खिळेजुळारी

उत्तररात्र यांच्या आजारपणाच्या प्रश्नाला एक राहिलेलं टोक जोडतो.

नोव्हेंबर १९९९ मध्ये शुल्झला पक्षाघात झाला, तपासणीत कर्करोग निघाला. १४ डिसेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. ३ जानेवारीच्या रोजच्या शेवटच्या पट्टीत विनोद नाही, वाचकांना निरोपाचं पत्र आहे. तेच पत्र शेवटच्या रविवारच्या पट्टीत रंगीत, भोवती जुनी दृश्यं, खाली टाइपरायटरशी बसलेला स्नूपी. पुढे कुणी दुसऱ्याने ही स्ट्रिप काढू नये असं घरच्यांचं आणि त्याचं ठरलेलं होतं, आणि तसंच झालं.

शुल्झ १२ फेब्रुवारीला रात्री झोपेत गेला. रविवारची पुरवणी तोवर छापून, गठ्ठे बांधून वाटेला लागलेली होती. १३ तारखेला सकाळी लोकांनी एकाच अंकात पहिल्या पानावर बातमी वाचली आणि आत त्याच्या सहीचं पत्र.